आपल्याच आवारांतील दार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हणजे देवाचे उपकार आठवण्याचा प्रसंग. गेल्या तीन संध्याकाळीं याच मंडपांत आपण आपल्या मंदिराच्या पायाभरणीची हकीगत ऐकली, शाळेच्या पहिल्या वर्गांतील मुलांचीं नांवें ऐकलीं, आणि ज्या वडीलधाऱ्यांनीं डोक्यावरून वाळूचीं घमेलीं वाहून ही वास्तु उभारली त्यांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थनाहि केली. आज माझी पाळी आहे. महोत्सव मंडळानें विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. परंतु मीं विषय कळवितांच दोघांतिघांच्या कपाळाला आठी पडली. "फादर, महोत्सवांत दारूची गोष्ट कशाला?" असें एका वयोवृद्ध गृहस्थांनीं मला प्रेमानें विचारलें. मीं त्यांना म्हटलें, "ज्या ५० वर्षांचा आपण हिशेब मांडीत आहों, त्या वर्षांची मृतांची नोंदवही माझ्या कपाटांत आहे. तिच्यांतील कांहीं नांवांपुढें मरणाचें जें कारण लिहिलें आहे तें खरें कारण नव्हे, हें मला ठाऊक आहे आणि आपणांसहि ठाऊक आहे." यावर ते गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या घरचें एक नांव त्या वहींत आहे.

दारू वाईट आहे हें सांगण्यासाठीं मी येथें उभा नाहीं. तें सर्वांत अधिक कोणाला कळत असेल, तर तें पिणाऱ्यालाच. मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. ज्याला दारू सोडावीशी वाटते पण सोडवत नाहीं, अशा माणसासाठीं एक सभा भरत असते. ती बहुधा आपल्याला वाटतें त्याहून जवळ भरत असते. आणि त्या सभेच्या वाटेंत जो अडथळा असतो, तो पुष्कळदां आपणच असतों.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याआधीं मी माझीच चूक सांगतों. हें मला पापनिवेदनांत कळलेलें नाहीं, आणि ज्या भगिनीची ही हकीगत आहे तिची अनुज्ञा घेऊनच मी बोलत आहें.

मी पूर्वीं ज्या धर्मग्रामांत होतों, तेथें एके दिवशीं सकाळच्या मिस्साबलीनंतर एक बाई सॅक्रिस्टीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. तिचा नवरा कुशल सुतार होता. आमच्या मंदिरांतील दोन बांकें त्याच्या हातचीं होतीं. त्याला मीं पूर्वीं दोनदां वेदीपुढें उभा करून दारू सोडण्याची शपथ दिली होती. पहिली शपथ सहा आठवडे टिकली. दुसरी नाताळाच्या रात्रीं मोडली. बाई म्हणाली, "फादर, आतां शपथ नको. दारू सोडलेल्या माणसांची कसलीशी सभा असते म्हणतात. ती कोठें भरते?" मीं सांगितलें, "शहरांत कोठेंतरी भरत असेल. मी चौकशी करतों. तोंवर नोव्हेना करा." तिनें नोव्हेना केली. मीं चौकशी केली नाहीं.

तिनें स्वतःच विचारपूस करून शहरांतील एका सभेचा पत्ता मिळविला. दोन गाड्या बदलून नवरा तेथें तीनदां गेला. पुढें पावसाळा लागला, गाड्या रखडूं लागल्या, एके रात्रीं तो परत आला तो पिऊनच आला, आणि जाणें थांबलें. पुढच्या उपवासकाळांत मीं त्याचें दफन केलें.

दफनाला पंधरा दिवस झाले असतील. विजेच्या बिलाची कांहीं तक्रार होती, म्हणून मीं शाळेची फाइल उघडली. तिच्यांत एक अर्ज सांपडला. दर गुरुवारीं संध्याकाळीं ७ ते ८॥ मद्यमुक्तीच्या सभेसाठीं मागच्या आवारांतील वर्गखोली मिळावी, अशी विनंति होती. खालीं 'परवानगी आहे' हे शब्द, आणि त्याखालीं माझी सही. तारीख पावणेदोन वर्षांपूर्वींची. गठ्ठ्यांतले कागद न वाचतां मीं सह्या केल्या होत्या. दर गुरुवारीं त्या खोलींतला दिवा मला माझ्या खिडकींतून दिसत असे. गायकवृंदाचा सराव असेल असें समजून मी जेवावयास बसत असें. त्या सुताराचें घर त्या खोलीपासून चालत ७ मिनिटांवर होतें.

मी त्या बाईच्या घरीं गेलों आणि सर्व सांगितलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "फादर, यापुढें कोणी विचारावयास आली, तर तिला नीट सांगा." मीं पुष्कळांना प्रायश्चित्त दिलें आहे, हें मला मिळालेलें प्रायश्चित्त. आजचें भाषण हा त्याचाच एक भाग समजा.

त्या आठवड्याच्या गुरुवारीं मी त्या खोलींत गेलों. ती त्या महिन्यांतली खुली सभा होती, म्हणून मला बसतां आलें. मुलांच्या बुटक्या बांकांवर दहाबारा माणसें बसलीं होतीं. चहाची किटली होती. एकानें थोडें वाचन केलें. मग एकेक जण आपलें नुसतें पहिलें नांव सांगे, मी मद्यपी आहें असें म्हणे, आणि आपल्यावर काय गुदरलें तें चार शब्दांत सांगून खालीं बसे. कोणी कोणाला उपदेश केला नाहीं, कोणी मध्यें बोललें नाहीं. एकाला न पितां ११ वर्षें झालीं होतीं, एकाला १९ दिवस. दोघांसाठीं टाळ्या सारख्याच वाजल्या. सेमिनरींत आम्ही मद्यातिरेकाचा विषय नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून शिकलों होतों: पाप केव्हां घडतें, संमति किती, जाणीव किती. तें सर्व मला पाठ होतें. परंतु पिणाऱ्या माणसाच्या तोंडून त्याचें दुःख, त्याची बाजू न घेतां आणि त्याला दोषहि न देतां, मीं त्या दिवशीं प्रथमच ऐकलें.

तुम्ही विचाराल, हें पाप कीं रोग? पहिला प्याला मनुष्य बहुधा आपल्या मर्जीनें उचलतो, आणि त्याचा जाब त्याच्याकडे आहे. पण कांहीं माणसांच्या बाबतींत असा एक दिवस येतो कीं, त्यानंतर प्याला त्यांची मर्जी विचारीत नाहीं. शरीर दारूवांचून कांपूं लागतें, मन दुसरा विचार करीत नाहीं. अमेरिकेंतील वैद्यांच्या मुख्य संघानें १९५६ सालीं या अवस्थेला आजार म्हणून मान्यता दिली. आजारी माणसानें केलेल्या अपराधांचा पश्चात्ताप त्याला करावाच लागतो; पण नुसत्या खडसावण्यानें आजार बरा होत नाहीं. जो धर्मगुरु खोकणाऱ्याला खोकूं नकोस एवढेंच सांगतो, त्याच्यासारखा मी वागलों होतों.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जो वर्षानुवर्षें रोज पीत आला आहे त्यानें एका दिवसांत आपल्या मनानें दारू तोडूं नये. पहिल्या तीनचार दिवसांत झटके येणें, भ्रम होणें, भलतेंसलतें दिसणें, असे प्रकार होतात आणि त्यांत जीवहि जाऊं शकतो. म्हणून आधीं डॉक्टर, किंवा रुग्णालय. आणि त्याच्या जोडीला सभा. सभा ही औषधाची जागा घेत नाहीं, आणि औषध सभेची घेत नाहीं.

आतां ही सभा मुळांत कशी निघाली तें ऐका, कारण तिचा आरंभच एका शोधापासून झाला. १९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचा बिल विल्सन नांवाचा शेअरबाजारांतला एक गृहस्थ कामानिमित्त ओहायो राज्यांतील अॅक्रन शहरीं आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पांच महिने झाले होते. काम फसलें. शनिवारची संध्याकाळ, परकें गांव, हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोंकाला मद्यालय आणि दुसऱ्या टोंकाला टेलिफोन. मद्यालयांतून हंसण्याचे आवाज येत होते. तो टेलिफोनकडे गेला. तेथें लावलेल्या चर्चांच्या यादींतून त्यानें एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला फोन केला आणि मला दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशीं बोलावयाचें आहे असें सांगितलें. त्या धर्मोपदेशकानें ही विचित्र विनंति ऐकून फोन खालीं ठेवला नाहीं. त्यानें कांहीं नांवें दिलीं. त्या नांवांच्या आधारें एका सद्गृहिणीचा पत्ता लागला, आणि तिनें दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १२ मे रोजीं, त्याची गांठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं घालून दिली. डॉक्टर स्वतः दारूनें बुडत चालले होते. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाहीं असें बजावून ते आले, आणि सहा तासांहून अधिक बसले. पुढें १० जून १९३५ ह्या दिवशीं डॉक्टरांनीं शेवटचा प्याला घेतला. तोच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', म्हणजे 'अनाम मद्यपी', या मंडळाचा जन्मदिवस मानतात. आज तें मंडळ सुमारें १८० देशांत पसरलें आहे. भारतांत त्याचें कार्य १९५७ सालीं सुरू झालें.

ही कथा आठवली कीं मला नेहमीं त्या धर्मोपदेशकाचा हेवा वाटतो. त्याला अनोळखी माणसानें विचारलें, आणि त्यानें नांवें दिलीं. मला माझ्याच धर्मग्रामांतील बाईनें विचारलें, आणि मीं नोव्हेना दिली.

आपल्या धर्मसभेंतील एका व्रतस्थ भगिनीचा यांत मोठा वांटा आहे. अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया या रुग्णांना दाखल करून घेण्याच्या कामावर होत्या. मद्यप्याला रुग्णालयांत खाट देण्याची तेव्हां पद्धत नव्हती. १९३९ सालीं त्यांनीं डॉ. स्मिथ यांच्या सांगण्यावरून असा एक रुग्ण पोटाच्या विकाराच्या नांवाखालीं दाखल करून घेतला, आणि मग असे रुग्ण येतच राहिले. बरा होऊन निघालेल्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत. मात्र अट अशी कीं, पुन्हा प्यावेंसें वाटलें तर आधीं तो बिल्ला परत आणून द्यावयाचा.

या अटींतलें शहाणपण पाहा. मीं त्या सुताराला शपथ दिली होती. शपथ मोडली तेव्हां तो माझें तोंड चुकवूं लागला. मिस्साबलीला मागच्या दारानें येऊन मागच्या दारानें जाऊं लागला. शपथेनें त्याला माझ्यापासून दूर नेलें. बिल्ला परत करावयाचा, तर सिस्टरचें तोंड पाहावें लागे. म्हणजे मोहाच्या घडींत मनुष्य माणसाकडे वळे. सभेचें मर्महि हेंच आहे. ती कधींहि न पिण्याची शपथ घेववीत नाहीं. आजचा दिवस पिऊं नको म्हणते, आणि उद्यां पुन्हा ये म्हणते. जो पडला त्यालाहि पुन्हा ये असेंच म्हणते.

मी शपथेची निंदा करीत नाहीं. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट यानें १८८४ सालीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, शपथ घेतली आणि १९२५ सालीं मृत्यु येईपर्यंत ती पाळली. १९७५ सालीं धर्मसभेनें त्याला 'पूज्य' ही पदवी दिली. पण त्यानेंहि आरंभीं तीनच महिन्यांची शपथ घेतली होती, आणि रोज पहाटे मिस्साबलीला जाण्याचा नेम धरला होता. नुसत्या निश्चयाच्या बळावर तोहि तरला नाहीं.

आतां त्या बाईनें मला जें विचारलें त्याचें उत्तर देतों. सभा सांपडते कशी?

पहिली वाट टेलिफोनची. मोठ्या शहरांतून या मंडळाचे फोन असतात आणि बहुधा मंडळाचे सभासदच ते उचलतात. आपलें गांव आणि आपली भाषा सांगावी. मराठी, हिंदी, कोंकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतून सभा भरतात. विनंति केली तर एखादा सभासद भेटावयास येतो किंवा दाराशीं वाट पाहात थांबतो. दुसरी वाट या रोगाच्या उपचारगृहांची. स्वतः या व्याधींतून सावरलेले फादर जोसेफ परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्यास 'कृपा फाउंडेशन' स्थापिलें, पुण्यास डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं 'मुक्तांगण' सुरू केलें. अशा ठिकाणीं विचारल्यास आपल्या भागांतील सभांची माहिती मिळते. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागांत विचारावें. सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांकहि व्यसनाच्या अडचणींसाठींच आहे.

पत्ता मिळाला कीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. ही सभा अजून त्याच दिवशीं, त्याच वेळीं भरते ना? कोणत्या भाषेंत? खुली कीं बंद? खुल्या सभेस कोणीहि जावें. बंद सभेस ज्याला स्वतःला दारू सोडावयाची आहे त्यानेंच जावें. आणि चौथी गोष्ट, नेमकी खोली कोणती, आणि तिचें दार कोणत्या बाजूला? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण पहिल्या दिवशीं मनुष्य बळ एकवटून येतो. दार सांपडलें नाहीं कीं त्याला परत फिरण्यास तेवढेंच निमित्त पुरतें.

तेथें फी नाहीं, हजेरीपट नाहीं, आडनांव विचारीत नाहींत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. शेवटीं थैली फिरते. ज्याला वाटेल त्यानें कांहीं टाकावें. पहिली सभा रुचली नाहीं, तर दुसऱ्या खोलींतली पाहावी. नव्यानें येणाऱ्याला पहिल्या ९० दिवसांत ९० सभा करावयास सांगण्याचा प्रघात आहे. घरापासून निघणें अशक्य असेल, तर फोनच्या पडद्यावर भरणाऱ्या सभाहि आहेत. आणि जवळपास कांहींच नसेल, तर दोनतीन मद्यपी एकत्र येऊनहि सभा सुरू करूं शकतात. अॅक्रनलाहि आरंभीं दोघेच होते.

कोणी विचारील, ही सभा आपल्या धर्माला धरून आहे ना? ती चर्चच्या खोलींत भरली, तरी चर्चची नव्हे. कोणत्याच धर्माची नव्हे. ती देवावर विसंबावयास सांगते, आणि देव कसा समजावा तें ज्याच्या त्याच्यावर सोडते. १९४० सालीं फादर एडवर्ड डाउलिंग या येशूसंघी धर्मगुरूंनीं तिच्या बारा पायऱ्या पाहिल्या, आणि संत इग्नाशिअसच्या आध्यात्मिक साधनेशीं त्यांचें साम्य त्यांना दिसलें. त्यांतील एक पायरी आपले दोष देवापुढें, स्वतःपुढें आणि दुसऱ्या एका माणसापुढें उघडपणें मांडावयास सांगते. पापनिवेदनाच्या पेटींत गुडघे टेकणाऱ्या आपल्या लोकांना ही पायरी परकी वाटूं नये. सभा संस्काराची जागा घेत नाहीं. पण संस्कारापासून लाजून दूर गेलेली माणसें सभेच्या वाटेनें परत आलेलीं मीं पाहिलीं आहेत.

आणि घरच्या माणसांनो, नवरा सभेला जात नाहीं म्हणून तुम्ही थांबूं नका. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठीं 'अल्-अॅनॉन' नांवाचें निराळें मंडळ १९५१ पासून आहे. बाटली लपविणें, कामावर खोटा निरोप धाडणें, शेजाऱ्यांपुढें हंसूं आणणें, यांत तुमचेंहि आयुष्य झिजत असतें. तुमचें दुःखहि एका खोलींत बसून सांगण्याजोगें आहे.

शेवटीं आपणां सर्वांविषयीं. आजपासून कचेरीबाहेरील फळ्यावर जवळच्या सभांचे दिवस, वेळा आणि दारें लिहिलेलीं असतील. महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती माहिती मी स्वतः पडताळून पाहीन. मला माझ्या सहीची भीति बसली आहे. पण फळा लावणें सोपें आहे. अवघड काम तुमच्याकडे आहे. कोणी त्या दाराकडे जातांना दिसला तर मान वळवून पाहूं नका, घरीं जाऊन सांगूं नका. आपल्या गांवांत बातमी माणसाच्या आधीं घरीं पोंचते, आणि त्या भीतीनें किती जण उंबरठ्यावरून परत फिरले असतील तें देवालाच ठाऊक. लग्नाच्या मांडवांत जो नको म्हणतो त्याला दुसऱ्यांदां आग्रह करूं नका. त्याच्या हातीं सरबताचा पेला तितक्याच मानानें द्या. त्याच्या एका 'नको'मागें किती दिवसांची झुंज आहे, हें तुम्हांला दिसत नसतें.

योहानाच्या शुभवर्तमानांत बेथेस्दाच्या तळ्याची कथा आहे. ३८ वर्षें आजारी असलेला एक मनुष्य त्या तळ्याच्या कांठीं पडून होता. तळें दूर नव्हतें. आपल्या वाडींतलें बावखल जसें पावलाच्या अंतरावर असतें तसें तें होतें. प्रभूनें त्याला विचारलें, तेव्हां वाट ठाऊक नाहीं असें तो म्हणाला नाहीं. आपल्याला पाण्यापर्यंत नेणारें कोणी नाहीं, एवढेंच त्याचें गाऱ्हाणें होतें. ३८ वर्षें त्याच्या शेजारून माणसें येत होतीं आणि जात होतीं.

आपल्या धर्मग्रामाला ५० वर्षें झालीं. या अवधींत आपल्या शेजारीं असें कोण पडून आहे, तें आज घरीं जातांना प्रत्येकानें आठवावें. त्याला उपदेश करूं नका. दिवस आणि वेळ सांगा, आणि तो हो म्हणाला तर त्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. आंत तो एकटाच जाईल. तुम्ही बाहेर थांबा. परत येतांना सोबत होईल.

देवपिता, देवपुत्र आणि पवित्र आत्मा तुम्हां सर्वांना, विशेषतः आज रात्रीं ज्या घरांत कोणी दाराकडे कान लावून जागें बसेल त्या घराला, आपला आशीर्वाद देवो. आमेन.